धरणाच्या पाठीतली उसण

नवव्या मंगळवारी घळवाडीच्या धरणाखाली पाय ठेवायला जागा नव्हती. कराडहून जीपा आल्या होत्या, खालच्या वाड्यांतून टेम्पो भरून बायका आल्या होत्या. एप्रिलचं ऊन सकाळी नऊलाच चटके देत होतं, तरी कुणी सावली शोधत नव्हतं. सगळ्यांच्या माना वर होत्या. समोर दोन कड्यांच्या बेचक्यात सिमेंटची उंच भिंत होती. आपल्याकडची बहुतेक धरणं सरळ असतात. हे कमानीसारखं वाकवलेलं. खालून पाहिलं तर सूप उभं करून ठेवल्यासारखं दिसतं. त्या भिंतीच्या तिसऱ्या सांध्यातून डिसेंबरपासून पाणी झरत होतं. आज तिथं नुसता पांढुरका डाग उरला होता.

“सुकला! सांधा सुकला!” कुणीतरी ओरडलं आणि शेकडो हात एकदम जोडले गेले.

टेबलावर उभ्या असलेल्या जलस्तंभनाथ महाराजांनी माईक तोंडाजवळ घेतला. “काय म्हणालो हुतो? धरणाई मातेच्या पाठीत उसण भरलीय! तुमच्या पाठीत उसण भरली तर काय करता?”

“पायाळूचा पाय लावतो!”

“मग आईला येगळा न्याय कशाला? आईची पाठ चाळीस मीटरची, म्हणून नऊ मंगळवार लागले!”

त्या हिशेबानं एखाद्या बंधाऱ्याची उसण दीड मंगळवारात उतरली असती. पण तसं म्हणायची ती वेळ नव्हती.

जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर येतात तो पायाळू. अशा माणसानं पाठीला पाय लावला की लचक जाते, अशी समजूत आहे. आमच्या गावात पायाळू होती क्रांती. एकोणीस वर्षांची, फौजेतून निवृत्त झालेल्या हवालदार कृष्णात यांची मुलगी, माझी जुनी विद्यार्थिनी. तिला पोलीस व्हायचं होतं. महाराजांच्या सांगण्यावरून ती दर मंगळवारी एकटीच भिंतीपाशी जाऊन उजवा पाय सांध्याला लावत होती. बाकीच्यांना पन्नास पावलांच्या आत यायला बंदी होती. आता म्हाताऱ्या बायका तिच्या पाया पडत होत्या आणि ती ढसाढसा रडत होती. लोक म्हणाले, अंगात आईच आली.

मी शाळेत विज्ञान शिकवते. माझं माहेर पलूसचं. मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. कारण महाराज बोगस असले तरी सांधा खरोखरच सुकला होता, आणि तो का सुकला हे मला सांगता येत नव्हतं.

शिवाय मला पाण्याची भीती वाटते. २०१९ च्या पुरात मी आईबरोबर दोन दिवस माहेरच्या घराच्या गच्चीवर काढले. पाणी आलं तेव्हा आवाज झाला नव्हता; ते नुसतं पायरी पायरी चढत गेलं होतं. घळवाडीत बदली झाली तेव्हा डोक्यावर धरण आहे म्हटल्यावर पहिला महिनाभर मला जेवण गेलं नव्हतं. इथल्या म्हाताऱ्यांना तर कोयनेच्या भूकंपाची आठवण आहे. जमीन हलते आणि भिंती पडतात, हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही. अशा गावात भीती पेरायला कष्ट पडत नाहीत.

पुढचा पावसाळा जोराचा झाला. धरण काठोकाठ भरलं आणि भरलेलंच राहिलं. डिसेंबरात थंडी पडली, अशी की सकाळी शाळेतली मुलं बाकावर हात चोळत बसायची. आणि डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तिसरा सांधा पुन्हा झरायला लागला. या वेळी चौथाही.

महाराज जीपमधून हजर झाले. आता त्यांच्या आवाजात लाडीगोडी नव्हती.

“पोरीचा पाय बाटलाय,” ते म्हणाले. “पायात बूट घालून ती सांगलीच्या मैदानावर पोरांच्या मागं पळतीया. आईला कळत न्हाई व्हय? आई आता गावाकडं कलायला लागलीय. खोटं वाटत असंल तर भिंतीच्या पोटातली खोली उघडून बघा. तितं वळंबा टांगलेला हाय. तो काय सांगतोय बघा.”

सरपंच शंभूराज पहारेकऱ्याला घेऊन खरंच आत गेले. बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. भिंतीच्या पोटात वरपासून खालपर्यंत एक तार टांगलेली होती, तिच्या टोकाला वजन आणि शेजारी पट्टी. हाच तो वळंबा. पट्टीवर पावसाळ्यानंतरच्या तपासणीला आलेल्या कुणीतरी ऑक्टोबरची तारीख घालून पेन्सिलनं खूण केली होती. तार त्या खुणेपासून चार मिलिमीटर सरकली होती. भिंत खरंच गावाच्या बाजूला आली होती.

खोट्या माणसाच्या तोंडून खरी गोष्ट आली की तिची भीती दुप्पट वाटते.

जानेवारीच्या मध्यावर एका सकाळी मी आठवीला शिकवत होते. धरणाच्या बाजूनं आरोळी आली, “फुटलं! फुटलं!”

मी खडू टाकला आणि पळाले. हे मी लपवणार नाही. मुलांना “डोंगरावर चला” म्हणून ओरडले हे खरं, पण माझे पाय त्याआधीच दाराबाहेर पडले होते. अख्खं गाव धापा टाकत टेकडीवर चढत होतं. कुणाच्या काखेत पोर, कुणाच्या हातात नुसतीच घागर. वर पोचून मागं पाहिलं तर धरण जिथल्या तिथं होतं. वाऱ्याचा झोत घळीत शिरला होता आणि त्यानं सांध्यातून पडणाऱ्या पाण्याचा फवारा उडवला होता. तेवढंच. पण त्या पळापळीत सरपंचांची आई हरणाबाई पडली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं.

त्या दिवसापासून शंभूराज महाराजांच्या शब्दाबाहेर जाईनात. महाराजांनी उपाय सांगितला: क्रांतीनं भिंतीच्या पोटातल्या त्या खोलीत एक्केचाळीस दिवस बसायचं, नुसत्या पाण्यावर. सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत ठराव करायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिला आत न्यायचं.

“आणि तरी सांधा सुकला न्हाई तर?” कुणीतरी विचारलं.

“मग आई आपला घास आपण घेईल,” महाराज म्हणाले.

ती खोली मी पुढं पाहिली. घोटाभर पाणी, भिंतींना शेवाळ, आणि हाडात शिरणारा गारवा. तिथं एक्केचाळीस दिवस उपाशी कोण जगेल? पण गावातल्या चांगल्या, शहाण्या माणसांनी माना डोलावल्या. ती माणसं दुष्ट नव्हती. ती घाबरलेली होती. क्रांतीच्या दारापुढं आळीपाळीनं चार-चार जण बसायला लागले, म्हणजे ती पळून जाऊ नये. कृष्णात हवालदारांनी सरहद्दीवर सतरा वर्षं काढली होती. तो माणूस स्वतःच्या ओसरीवर बसून मला म्हणाला, “बाई, समोर दुश्मन असता तर सांगितलं असतं. हे तर माझे चुलतभाऊ हायत.”

दोन दिवसांनी क्रांती ग्रंथालयाचं पुस्तक परत करायच्या निमित्तानं शाळेत आली. राखणीला आलेल्या दोन बायका बाहेर पायरीवर बसल्या. प्रयोगशाळेत शिरताच तिनं दार लोटलं.

“बाई, पाणी माज्यामुळं आलंय.”

“कोण म्हणतं? तो महाराज?”

“न्हाई. त्याला म्हाईत न्हाई. मी कुणालाच सांगितलं न्हाई.” ती म्हणाली. “गेल्या वर्षी मी पहिले तीनच मंगळवार पाय लावला. भिंत लय गार हुती. पाय लावला की आतनं काय तरी हललं असं वाटायचं. मला भ्या वाटायचं. चवथ्या मंगळवारपास्नं मी पाय उचलायची, पण टेकवायची न्हाई. वीतभर लांबच ठेवायची. लोक लांब हुते, महाराजाचे डोळे मिटलेले. सहा मंगळवार मी आईला फसवलं, बाई. म्हणून ती परत फुटलीय. हरणाआजी माज्यामुळं पडली. मी आत बसते. मी बसायलाच पायजे.”

मी तिला समजवायला तोंड उघडलं आणि मध्येच थांबले.

“क्रांती, गेल्या वर्षी सांधा कधी सुकला?”

“नवव्या मंगळवारी.”

“आणि तू पाय लावायचं कधी थांबवलंस?”

तिनं बोटांवर मंगळवार मोजले. मग हळूच म्हणाली, “मग... सुकला कसा?”

एप्रिलपासून मी हाच प्रश्न टाळत होते. ज्याला तो विचारायचा तो माणूस गावापासून तीन किलोमीटरवर, फाट्यावर पंक्चर काढत बसलेला होता.

रहिमान मुजावर सव्वीस वर्षं धरणावर नोंदी घेणारे कामगार होते. निवृत्त झाल्यावर त्यांच्या जागी कुणी आलंच नाही. मी सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी हातातली ट्यूब पाण्याच्या घमेल्यात सोडली आणि कपाळावर हात मारला.

“आवं बाई, ती गळती काय आजची हाय? ती दर हिवाळ्याला येती आन् चैत्र-वैशाखात जाती! मी हुतो तवा ती पन्हाळीतनं नदीत सोडायचो, म्हणून गावाला दिसायची न्हाई; आता पन्हाळी बुजली असंल. हे मला कुणी इचारायचं तरी!”

“आणि भिंत सरकलीय ते?”

“सरकणारच. दर साल सरकती आन् दर साल माघारी जाती. मला रोज सकाळी तीच तार वाचायचा पगार मिळत हुता.” ते आत गेले आणि पत्र्याची पेटी घेऊन आले. त्यात छोट्या डायऱ्यांची चळत होती. कार्यालयाचं रजिस्टर वेगळं असायचं. ही त्यांची स्वतःची नक्कल. तारीख, पाण्याची पातळी, सकाळचं तापमान, तार, गळती. मी एकेक पान उलटत गेले. पहिलं वर्ष: गळती सुरू १४ डिसेंबर, बंद १९ एप्रिल. दुसरं: ९ डिसेंबर, २६ एप्रिल. सव्वीस हिवाळे आणि सव्वीस उन्हाळे. एकाही पानावर पायाळू नव्हता.

महाराजांचं वर्णन ऐकून त्यांनी विचारलं, “डाव्या कानाची पाळी फाटलेली हाय का?”

मी हो म्हटलं.

“मग तो गुंडा. नावच गुंडा त्याचं,” ते म्हणाले. “तीन वर्षं माझ्या हाताखाली रोजंदारीवर हुता. तवा दाढी-जटा नव्हत्या. माझ्या शेजारी उभं ऱ्हाऊन ह्याच नोंदी वाचायचा.”

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं आणि देवळापुढच्या पटांगणात ग्रामसभा बसली. एवढी गर्दी मी कधी पाहिली नव्हती, आणि एवढी शांत गर्दी तर नाहीच. सांध्याचं पाणी पडल्याचा आवाज तिथपर्यंत येत होता. शंभूराज ठराव वाचायला उभे राहिले तेव्हा मी हात वर केला.

“आधी क्रांतीला बोलू द्या.”

ती उभी राहिली. बापानं तिच्या पाठीवर हात ठेवला होता. शाळेत मला सांगितलेलं तिनं सगळं सांगितलं, खाली न बघता. तिचं बोलणं संपलं आणि सभा उसळली. एक बाई ओरडली, “कैदाशिणीनं गाव बुडवलं!” दोघेतिघे क्रांतीच्या अंगावर धावले. कृष्णात मध्ये उभे राहिले. मला वाटलं, संपलं. मीच तिला यांच्या हाती दिलं.

महाराजांनी संधी साधली. “ऐकलंत? पोरीनं आईला फसवलं! प्रत्यक्ष आईला!”

“फसवलं ना?” मी पुढं होऊन विचारलं. “सहा मंगळवार फसवलं? मग त्याच सहा मंगळवारांत तुमची आई बरी कशी झाली? पाय लागला नाही तरी सांधा सुकला, तर पायाचा आणि सांध्याचा संबंध काय?”

मागच्या रांगेत कुणीतरी हळू म्हणालं, “खरंच की रं.”

तेवढ्यात रहिमानचाचा डायऱ्यांची पेटी घेऊन पुढं आले. महाराजांकडं त्यांनी बघितलंच नाही. “हवालदार, गावातले तुमच्यासारखे फौजी गडी बोलवा. सात जण पायजेत.”

देवळाचा दगडी खांब आणि पंचायतीची भिंत यांच्यामध्ये त्यांनी त्या सात जणांना खांद्याला खांदा लावून, कमानीत वाकवून उभं केलं. “हे धरणाचे ठोकळे. खांब आन् भिंत म्हंजे आपले दोन डोंगर. शंभूराज, तुमी पाणी. कमानीच्या बाहेरनं ढकला.”

सरपंचांनी सगळी ताकद लावली. माणसं हलली नाहीत. उलट खांदे एकमेकांत जास्तच रुतले.

“बघा. पाणी जेवढं ढकलतं तेवढी कमान आवळती. जोर जातो डोंगरात. आता गड्यांनो, कडक थंडी पडलीय. खांदे आखडा.”

सातही जणांनी अंग चोरलं. खांद्याखांद्यांमध्ये बोटबोट फट पडली.

“ह्या फटीतनं पाणी येतं. सिमेंट थंडीनं आखडतं, केसाएवढं, पण आखडतं. शंभूराज, आता ढकला.”

या वेळी माणसं पाऊलभर आत सरकली आणि मग खांदे पुन्हा भिडले. रांग थांबली.

“हेच ते तुमचं चार मिलिमीटर. सरकून परत टेकली. आता ऊन आलं, अंग मोकळं सोडा.” फटी मिटल्या. रांग आपोआप सरपंचांना मागं रेटत पहिल्या जागी आली.

“लोखंडी धाव तापवून गाडीच्या चाकावर चढवतो तसंच की!” म्हातारा लोहार बसल्या जागेवरून ओरडला. “गरम झाली की वाढती, गार झाली की आवळती.”

“तसंच. औंदा थंडी लय आन् तळं काठोकाठ, दोन्ही एकदम आलं. म्हणून गळती जास्त. पण धरण बांधणाऱ्यांनी कागदावर आधी तीच जोडी मांडली हुती: भरलेलं तळं आन् कडक थंडी. ते सोसंल एवढीच जाड भिंत बांधलीय.” मग पहिल्यांदाच ते महाराजांकडं वळले. “वळंब्याची खोली कायम कुलपात असती. आत तार हाय हे तुला आईनं सांगितलं, का माझ्या हाताखाली रोजंदारीवर हुतास तवा मी, फाटक्या कानाच्या गुंडा?”

जलस्तंभनाथांचा हात आपसूक डाव्या कानाकडं गेला. सभेतल्या कितीतरी डोळ्यांनी तो कान पाहिला.

“मी... देवाचा माणूस...” त्यानं सुरुवात केली. कुणी ऐकत नव्हतं. तो जीपकडं निघाला तेव्हा कृष्णात वाटेत उभे होते. पोलीस येईपर्यंत त्यांनी त्याला पंचायतीत खुर्चीवर बसवून ठेवलं, चहाही दिला. जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रार दाखल झाली. खटला अजून चालू आहे.

म्हणून गाव त्या दिवशी निर्धास्त झोपलं असं नाही. “मग फुटणार न्हाई म्हणता?” शंभूराजांनी जाताना विचारलं.

“आजच्या आकड्यांवरनं न्हाई,” रहिमानचाचा म्हणाले. “उन्हाळ्यातबी गळती थांबली न्हाई, किंवा तार माघारी गेली न्हाई, तर मीच पहिला पळंन आन् तुमास्नी घेऊन पळंन. पण ते बघायला रोज वाचावं लागतं.”

ग्रामसभेनं दुसराच ठराव केला: नोंदी घेणारा माणूस पुन्हा नेमावा आणि दर मंगळवारचे आकडे गावाला कळवावेत. पंधरवड्यात इंजिनिअर आले, सगळं तपासलं आणि भीतीचं कारण नसल्याचं लेखी दिलं. पंचायतीच्या फळ्यावर आम्ही तापमान, तार आणि गळती लिहायला लागलो. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत तार आणि गळतीचे आकडे चढले. त्या दिवसांत मी रोज फळ्यासमोर उभी राहायचे आणि कालच्या आकड्याशी आजचा ताडून बघायचे. मग ते उतरू लागले. बावीस एप्रिलला सांधा सुकला. क्रांती तेव्हा सांगलीला आठशे मीटर धावत होती. त्या भरतीत तिचे दोन गुण कमी पडले. पुढच्या वर्षी पुन्हा देणार आहे.

लोक मला विचारतात, बाई, तुम्ही एवढ्या घाबरट, मग उभ्या कशा राहिलात? मी सांगते, भीती वाटण्यात लाज नाही. डोक्यावर पाणी असलेल्या माणसाला ती वाटायलाच हवी. पण भीती वाटली की पहिल्यांदा प्रश्न विचारा: हे याआधी कधी झालं होतं? तेव्हा कसं थांबलं? कुणी मोजलंय का? ज्याच्याकडं नोंद आहे त्याच्याकडं जा. ज्याच्याकडं नुसता उपाय आहे आणि जो त्यासाठी तुमची लेक मागतो, त्याला दारातूनच परत पाठवा. सिमेंटला आई म्हणून हात जोडल्यानं ते टिकत नाही. ते टिकतं नीट बांधल्यानं, आणि कुणीतरी रोज सकाळी जाऊन आकडा वाचल्यानं.